तसबिरीतला परका पणजोबा

मी एक जुनी तसबीर आहे मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही.

माझ्यात घोड्यावर बसलेला एक दाढीवाला माणूस आहे. तो अमेरिकेच्या फौजेतला जनरल. त्याच्या काळी तिकडे शेतात राबणारी माणसं बाजारात विकली जात. ती पद्धत ज्या युद्धानं मोडली, त्यात तो लढला. एका पाद्र्याच्या पेटीतून मी मराठवाड्यात आले आणि बरीच वर्षं एका शाळेत राहिले. गुरुजी मुलांना जनरलची गोष्ट सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे शाळेला नवा रंग दिला आणि मला परळीच्या भंगारात टाकलं.

तिथून बायनाबाईंनी मला उचललं. माझी चौकट सागवानी होती, तिच्यात त्यांना वैजनाथाचा फोटो बसवायचा होता. ते राहूनच गेलं. घाटनांदूरजवळच्या त्यांच्या घरी मी बैठकीत टांगली गेले. त्यांचा मुलगा विजयसिंह पुढारी झाला, माणसं यायला लागली. कोणीतरी विचारलं, "हे कोण?"

"आमचे खापरपणजोबा. निजामाच्या फौजेत सेनापती होते," विजयसिंहानं ठोकून दिलं.

झालं! माझ्या काचेवर गंध लागलं, हार चढला. पितृपक्षात पुढ्यात पुरणपोळीचं ताट यायला लागलं. त्या बिचाऱ्या जनरलनं जन्मात कधी पुरणपोळी पाहिली नसेल. हेही मी सोसलं.

पण यंदा विजयसिंहानं या खापरपणजोबांचं स्मारक बांधायचं काढलं. जागा निवडली गावातल्या मंजुळाबाईची. ती नवरा आसाराम याच्यासोबत घराला कुलूप घालून ऊसतोडीला गेली होती. मागं यांनी घर पाडून चबुतरा बांधला. राबणाऱ्यांसाठी लढलेल्या माणसाच्या नावानं राबणारीचंच छप्पर काढलं! तसबिरीला हात नसतात, म्हणून विजयसिंह वाचला.

तोड संपली तशी मंजुळाबाई थेट बैठकीत आली.

"मालक, माजं घर कावून पाडलं?"

"आमच्या पूर्वजाचं स्मारक हाय तिथं," विजयसिंह म्हणाला.

बायनाबाई आतून बाहेर आल्या. "कुणाचा पूर्वज? ह्याला म्या परळीच्या भंगारातून आणलाय. चौकट लई चांगली व्हती म्हनून. तुजा खापरपणजा दुसऱ्याची म्हसरं राखायचा. त्याच्यापाशी घोडा कुटला?"

"आई, लोक बसलेत."

"बसू दे. त्यांलाबी कळू दे."

त्यांनी मला खिळ्यावरून काढून मंजुळाबाईच्या हातात दिलं. "ने ह्याला. आन त्या चबुतऱ्यावरच घर बांद. पाया आयता हाय. कोन आडवतंय ते मी बगते."

आता मी त्या चबुतऱ्यावर बांधलेल्या मंजुळाबाईच्या घरात आहे. विजयसिंह अजून धुसफुसतो. धुसफुसू दे. मंजुळाबाईनं पदरानं माझी काच पुसली आणि आसारामला विचारलं, "ह्यो बाबा कोन आसंल?"

"म्हाईत न्हाई," आसाराम म्हणाला. "पर हितं आलाय, म्हंजी आपलाच."

हे नातंही खरं नव्हतं, पण या वेळी मला राग आला नाही.

मित्रांनो, भिंतीवरच्या तसबिरींची काच पुसत जा. हार घालण्याआधी आतला माणूस कोणासाठी लढला ते विचारा. आणि ज्यांच्यासाठी तो लढला, त्यांचं घर पाडून त्याला हार घालायला येऊ नका.