गिरिजाबाई आणि पार्टी

"मावशी, तुमचा हात काढा ना जरा. फ्रेममध्ये येतोय."

आशाबाईने हात काढला. कॅमेऱ्यामागच्या माणसाने अंगठा दाखवला, सुग्रीवची ढोलकीवर थाप पडली आणि गिरिजाबाईंनी पुन्हा ओळ धरली, "डोंगर चढते गं माये, सोड पदराचा वारा..." ओळ अर्ध्यावर आली नाही तोच आशाबाईचा हात आपसूक गिरिजाबाईंच्या पाठीवर जाऊन बसला.

"कट! मावशी, हात!"

आता यात आशाबाईचा काय दोष? सव्वीस वर्षं हा हात त्याच पाठीवर होता. खांद्याच्या हाडाखाली चार बोटं, पदराच्या आत. तिथं तळवा टेकला की बाईंचा श्वास किती उरलाय ते कळायचं. फासळ्या आत जायला लागल्या की समजायचं, आता संपत आला. मग बाईंचा शेवटचा शब्द विझायच्या आत आशाबाई तो उचलून पुढं न्यायची. याला झील धरणं म्हणतात. झील धरणारीचं सगळं कसब एकाच गोष्टीत असतं, जोड दिसता कामा नये. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की एकच बाई गातेय आणि तिला श्वासाची गरजच पडत नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या देवळात नवरात्राच्या सातव्या माळेची दुपार होती. संध्याकाळी दिवेलागणीला गिरिजाबाई नऊ वर्षांनी माणसांसमोर गाणार होत्या, म्हणून ही सगळी रंगीत तालीम. गिरिजाबाई म्हणजे साधं नाव नव्हे. देवीच्या गाण्यांच्या त्यांच्या अकरा कॅसेटी निघाल्या होत्या आणि वाटूरच्या रसवंतीपासून धावड्याच्या पिठाच्या गिरणीपर्यंत त्या वाजून वाजून झिजल्या होत्या. प्रत्येक कॅसेटवर बाईंचा फोटो आणि खाली छापलेलं, 'गिरिजाबाई आणि पार्टी'. आशाबाई त्यातली पार्टी.

नऊ वर्षांपूर्वी गिरिजाबाईंच्या गळ्याला गाठ झाली. गाठ काढली, पण गाणं थांबलं. बाई जालन्याला मुलाकडं राहायला गेल्या. पेपरात बातम्या आल्या, सत्कार झाले. आशाबाईच्या गळ्याला काहीच झालं नव्हतं, पण तिला कुणी बोलावलं नाही. बाई नाही तर झील कुणाची धरणार? ती धावड्याला घरी आली आणि मिरच्या तोडायला लागली. ऑपरेशन झालं गिरिजाबाईंच्या गळ्याचं आणि मुकी झाली आशाबाई.

आणि आता हे पिक्चरवाले. पिक्चर काढणारी प्रियदर्शनी वाटूरची होती. आता पुण्याला असते, पण लहानपणी आजीच्या मांडीवर गिरिजाबाईंच्या कॅसेटी ऐकलेल्या. पोरगी मनानं चांगली होती. बाईंशी बोलताना तिचे डोळे भरून यायचे. तिच्या पिक्चरचं नाव होतं 'हाक'.

ही हाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या डोंगराच्या गाण्यात शेवटी ढोलकी थांबते, पेटी थांबते आणि एक उंच, लांब "येऽऽ गं माये" अशी हाक उठते. ती ऐकली की देवळातल्या बाया घुमायला लागायच्या. माणसं गिरिजाबाईंना ओळखायचीच त्या हाकेवरून. ऑपरेशननंतर बाईंची हाक राहिली का गेली? सगळा पिक्चर या एका प्रश्नावर उभा होता.

आणि ती हाक गिरिजाबाईंची नव्हतीच.

ती आशाबाईची होती. बाईंचा आवाज गोड, भरलेला, दाट; पण तो वर कधीच चढला नाही. आशाबाई मेंढपाळाच्या घरातली. अजिंठ्याच्या डोंगरात एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या मेंढरांना हाका मारत तिचा गळा तयार झाला होता. गाण्याच्या शेवटी बाई माइकसमोर तोंड उघडून उभ्या राहायच्या आणि त्यांच्या खांद्यामागून, त्याच माइकमध्ये, आशाबाई हाक घालायची. कॅसेट भरतानाही तसंच. यात फसवणूक वगैरे कुणाच्या मनात नव्हती. झील होती ती. जोड दिसली नाही, एवढंच. फक्त ती इतकी दिसली नाही की पुढं बोलायची सोय राहिली नाही.

पण नव्या यंत्रांना जोड दिसते. पिक्चरवाल्यांनी बाईंच्या पदराला बोटाएवढा माइक लावला होता आणि आवाज सांभाळणारा कल्याण कानांना दोन वाट्या लावून कोपऱ्यात बसला होता. आशाबाईला माइक नव्हता. पार्टीला कशाला लागतो माइक?

तिसऱ्यांदा गाणं झालं. हाक झाली. कल्याणने कानाच्या वाट्या काढल्या.

"मॅडम, हाकेच्या जागी बाईंच्या माइकवर काहीच नाही. लांबून मागचा आवाज येतोय फक्त."

प्रियदर्शनी बाईंजवळ जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, मनाला लावून घेऊ नका. इतक्या मोठ्या आजारातनं उठलात, होतं असं. आपण संध्याकाळी हाकेच्या जागी जुन्या कॅसेटमधली हाक लावू. कल्याण ती साफ करून घेईल. तुम्ही फक्त ओठ हलवा. कुणाला कळणार नाही."

गिरिजाबाईंनी मान हलवली. म्हणजे हो.

"आणि मावशी, तुम्ही संध्याकाळी मागं सुग्रीवदादांच्या शेजारी बसा. म्हणजे हाताचा प्रश्नच येत नाही."

आशाबाई जन्मभर बरं म्हणत आली होती. बैस म्हटलं बसली, ऊठ म्हटलं उठली. जीपमध्ये जागा नाही म्हटलं तर पेटीवर बसून आली. आत्ताही तिच्या तोंडात 'बरं'च आलं होतं. पण ते बाहेर पडायच्या आत तिला समोर दिसलं की संध्याकाळी काय होणार. आपण मागं बसलेलो आहोत, धडधाकट, आणि भोंग्यातून आपलीच तिशीतली हाक येतेय. कढ आला तो पायापासून आला.

"टेप वाजवायची न्हाई," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"त्या कॅशेटीतली हाक माझी हाय. मी जिती असताना माझाच गळा माझ्या म्होरं टेपवर वाजवता? मेले का मी?"

प्रियदर्शनीने बाईंकडं पाहिलं. सुग्रीव ढोलकीची वादी उगाच ओढायला लागला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण सुग्रीव कुंकवालाही हो आणि बुक्क्यालाही हो म्हणणारा माणूस. गिरिजाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चहा सांगा कुणीतरी. घसा सुकून राह्यला."

एवढंच. खरं म्हटलं नाही, खोटंही म्हटलं नाही. चहा मागितला.

आशाबाईला बाकी काही लागलं नाही, तो चहा लागला.

प्रियदर्शनी शहाणी होती, तिला कळलं असणार. ती आशाबाईला खांबाआड घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, दोन वर्षं झाली मी हे करतेय. फिल्म त्यांच्यावर आहे. आज, अशा दिवशी, हे काढू नका. हात जोडते."

"तुमचा पिच्चर तुम्ही काढा, ताई. मी कुठं अडवून राह्यले? हाक मी घालते. जितेपणी घालते. बराबर लागली तर लागली, फाटली तर फाटली. पण टेप बिलकुल न्हाई."

"आणि नाही लागली तर? नऊ वर्षांत तुम्ही तरी कुठं गायलात?"

गेले पंधरा दिवस आशाबाई मिरचीच्या रानात एकटी जाऊन हाक घालून बघत होती. पाचातून दोनदा लागायची. त्रेसष्ट वर्षांचा गळा, त्यात मिरचीचा ठसका.

"टेप तयार ठेवते," प्रियदर्शनी म्हणाली. "बघू मग."

गिरिजाबाई ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. कपातला चहा तसाच. आशाबाई जाऊन खालच्या पायरीवर बसली, नेहमीच्या जागी.

"आशे," बाई म्हणाल्या, "साऱ्या जत्रंत मला उघडी पाडणार का तू?"

"मी कामून पाडीन, बाई? सव्वीस साल झाकलं, जत्रंत येऊन उघडं करायला का मला खूळ लागलं?"

"मंग काय पाहिजेल तुला?"

आशाबाईने थोडा विचार केला. तिला फोटो नको होता, नाव नको होतं. असं नाही, हवं होतं, कुणाला नको असतं? पण ते मागायला तोंड कुठून आणणार. शेवटी तिला जे मागता येण्यासारखं वाटलं ते तिने मागितलं.

"मी हाक घालताना तोंड मिटून घ्या. एवढंच. उघडू नका."

गिरिजाबाई गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या आणि उठून आत गेल्या.

दिवेलागणीला पटांगण भरलं. मिरचीचा बाजार बंद ठेवून अडते आले होते, ट्रॅक्टर भरभरून खेड्यापाड्यांतल्या बाया आल्या होत्या. गिरिजाबाई हिरव्या शालूत वर आल्या आणि माणसं उभीच राहिली. बाईंनी नमस्कार केला. दोन्ही कॅमेरे त्यांच्या चेहऱ्यावर. आशाबाई ठरल्याप्रमाणं मागं सुग्रीवच्या शेजारी बसली होती.

पहिली चार गाणी झाली. बाईंचा आवाज अजून गोड होता, पण ओळीच्या टोकाला तो ढेपाळत होता. मागं बसलेल्या आशाबाईला पाठीवर हात नसल्यामुळं कळत नव्हतं कुठं उचलायचं. दोनदा झील उशिरा पडली, एकदा लवकर. जोड दिसायला लागली. पुढच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

मग ते डोंगराचं गाणं सुरू झालं.

आशाबाई उठली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं पाहिलं नाही. पुढं आली आणि बाईंच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मंचाच्या बाजूला प्रियदर्शनी दोन्ही हातांनी 'मागं व्हा, मागं व्हा' करत होती. तुझा पिक्चर खड्ड्यात गेला, आशाबाई मनात म्हणाली, आणि हे तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हटलं होतं. तळव्याखाली बाईंच्या फासळ्या आत गेल्या, तिने ओळ उचलली, आणि गाणं जागेवर आलं.

शेवट आला. ढोलकी थांबली. पेटी थांबली. कोपऱ्यात कल्याणचं बोट बटणावर होतं.

बाजूला सुग्रीवच्या ढोलकीसाठी मंडपवाल्याचा एक माइक उभा होता. आशाबाई बाईंची पाठ सोडून दोन पावलं बाजूला त्या माइकपाशी गेली. गिरिजाबाई समोर बघत होत्या. हजार माणसं त्यांच्या ओठांकडं बघत होती. आणि बाईंनी तोंड मिटलं. असं मिटलं की लांबून, मागच्या ट्रॅक्टरवरूनसुद्धा दिसावं. कल्याणने बोट मागं घेतलं. मिटल्या तोंडावर टेप कोण वाजवणार?

"येऽऽ..."

हाक उठली. पहिली चढण बरी गेली. दुसऱ्या चढणीला आवाज चिरकला, तिथंच मधोमध, सगळ्यांना कळेल असा. आशाबाईला वाटलं, संपलं. घसा कोरडा, श्वास नाही, आणि मागं धरायला कुणी नाही.

तेवढ्यात तिच्या पाठीवर हात पडला. खांद्याच्या हाडाखाली चार बोटं, बरोबर त्या जागी. गार, म्हातारा हात. त्याने ढकललं नाही, नुसता टेकला. आशाबाईने त्या हातावर श्वास भरला आणि चिरकलेल्या जागेवरूनच हाक वर नेली. ती जुन्यासारखी गुळगुळीत नव्हती. तिला चीर होती. पण ती चढली, डोंगर चढावा तशी, आणि वर जाऊन "गं माये" झाली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घुमायला लागली. मग दुसरी.

पिक्चर उन्हाळ्यात आला. आशाबाई अंगणात वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती, तोंडाला फडकं बांधून. सून शिवकन्या फोन घेऊन आली. शेजारची वंदनाही आली. तिघींनी मिळून पाहिला.

कॅमेरे सारा वेळ गिरिजाबाईंवरच राहिले होते. हाक आली तेव्हा पडदाभर बाईंचा चेहरा होता, डोळ्यांतून पाणी, आणि त्यांचा एक हात बाजूला लांबवलेला. हात मनगटाच्या पुढं फ्रेमच्या कडेला कापला गेला होता. तो कुणाच्या पाठीवर आहे ते पिक्चरमध्ये नव्हतं. शेवटी नावं आली. ड्रायव्हरचं आलं, चहावाल्याचं आलं. मग आलं 'साथसंगत : पार्टी'.

"आत्याबाई, तुमचं नावच न्हाई!" शिवकन्या चिडली. "त्या वाटूरवालीला फोन लावते मी."

"राहू दे. मागं घे जरा. हाकंच्या तिथं."

शिवकन्येने मागं घेतलं. बारक्या भोंग्यातून हाक परत उठली, चिरेसकट.

"बाईच्या तोंडाकडं बघ. कसं हाय?"

"मिटलेलं."

"मिटलेलं ना? मंग झालं. ज्याला डोळे हाईत त्याला दिसंन."

तिने फडकं सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. ऊन डोक्यावर आलं होतं, तिचा नवरा मल्हारी अजून शेळ्या घेऊन नाल्यापलीकडंच होता. त्याची भाकरी निवून चालली होती. वंदना फोन पुन्हा मागं घेत होती. आशाबाई अंगणाच्या कडेला गेली, छाती भरून श्वास घेतला आणि नवऱ्याला जेवायला हाक मारली.

पलीकडच्या टेकाडावर शेळ्यांनी एकदम माना वर केल्या.