हौस वहिनीची

चिऊने मोबाईलवरचा फोटो वहिनीच्या नाकासमोर धरला. "अगदी असाच ब्लाउज हवा. खांदे उघडे, वर इलॅस्टिक. दुकानातले एक तर ढगळ होतात, नाही तर काखेत काचतात."

चिऊ म्हणजे नणंद. नोकरीला लागली तरी घरात हेच नाव. सासरी वहिनीला पहिल्यांदा जीव लावला तो तिनेच. लग्नाआधी वहिनी एका टेलरकडे शिवणकाम करायची. आता तिचं मशीन उसवलेल्या कपड्यांपुरतं उरलं होतं.

"आईंना विचारलंस?"

"आईला मी बघते गं. तू फक्त शिव. आत्याकडच्या जेवणाला घालायचाय."

नवऱ्याने कामावरून येताना इलॅस्टिक आणलं, सांगितलं होतं तसंच बोटभर रुंद. बहिणीला म्हणाला, "घे, मिरव एकदाची."

वहिनीने मऊ निळं कापड बेतलं. वरचा काठ दुमडून त्यात पोकळ पट्टी ठेवली, सेफ्टी पिनेला इलॅस्टिक अडकवून त्यातून सरकवत नेलं. टोकं जोडायच्या आधी चिऊच्या खांद्यांभोवती ताणून बघितलं.

"हात वर कर."

चिऊने हात वर केले आणि ब्लाउज सरळ मानेपाशी चढला. दोघी हसून हसून खाली बसल्या. मग वहिनीने दोन्ही काखांखालून बारीक इलॅस्टिक घेतलं, एक टोक पुढच्या काठाला, दुसरं मागच्या. "आता टाळ्या वाजव, नाच, काय वाट्टेल ते कर. हलायचा नाही."

चिऊने तिला मिठी मारली.

आत्याकडे चिऊने जॅकेट काढलं तशी आतेबहिणींनी तिला गराडाच घातला. पण जेवायला बसलेल्या काकांचा हातातला घास तसाच राहिला. "हे काय घातलंयस? घरात कुणी सांगणारं आहे की नाही?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. वहिनी पुढे होऊन काही म्हणणार, तेवढ्यात चिऊच बोलली.

"मी नकोच म्हणत होते. वहिनीलाच हौस. एवढं शिवलंय, तिचं मन मोडायला नको म्हणून घातला."

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून भात कालवत होता. बराच वेळ कालवत होता.

"स्वतःची मुलगी असती तर शिवला असतास का गं असा?" सासूबाईंनी विचारलं. वहिनीने तांब्या उचलला आणि ती सगळ्यांचे पेले भरत गेली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्याशा कापडावरून कशाला वाढवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊ स्वयंपाकघरात आली. "रागावलीस? अगं, मला म्हणाले असते तर महिनाभर बोलणी बसली असती. तू सून आहेस, तुला सवय आहे ऐकून घ्यायची."

वहिनीने गॅस बंद केला. शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

"आईंना खरं काय ते सांग. माझ्यासमोर."

"सांगते ना. जरा आईचा राग निवू दे."

राग निवला. चिऊने सांगितलं नाही. उलट एकदा कापड घेऊन आली, मैत्रिणीसाठी तसाच हवा होता.

"मला वेळ नाही," वहिनी म्हणाली. ते खोटंही नव्हतं. जुन्या टेलरकडे तिने पुन्हा कामाला जायला सुरुवात केली होती. नवरा कुरकुरला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू त्या दिवशी बोलला नाहीस, आजही बोलू नकोस."

घरात दोघींचं हसणं थांबलं, हे सासूबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला. एकदा त्यांनी विचारलंच, "तुमचं दोघींचं काय बिनसलंय?"

वहिनी दारात चपला घालत होती. ती थांबली. "चिऊला विचारा, आई."

चिऊने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"काही नाही गं," ती म्हणाली.

वहिनीने पर्स खांद्याला अडकवली आणि ती कामावर निघाली.