लाल घाम

सलूनमध्ये त्या संध्याकाळी इतकी गर्दी होती, की एकाचीही दाढी झाली नाही.

आळीतली मंडळी खुर्च्यांच्या हातांवर बसली होती, बेसिनला रेलली होती. ज्यांना आत जागा मिळाली नाही ती दारात एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून उभी होती. शटर अर्धं ओढलेलं, दिवे घालवलेले. मधोमध स्टुलावर एक कोरीव लाकडी पिंजरा, आत पिवळ्या कॅनरी पक्ष्यांची जोडी, पिंजऱ्यावर पांढरा रुमाल आणि रुमालावर रुमालबाबांचा हात. रुमाल आपला म्हणायचा. एरवी त्यात दोन उशा मावल्या असत्या.

रुमालबाबा मूळचे कोण, यावर आळीत दोन मतं होती. एक पक्ष म्हणे, ते जंगलात राहून पाखरांची भाषा शिकले. दुसरा पक्ष म्हणे, ते बाजारात कोंबड्या विकत. दोन्ही खरं असू शकतं. कोंबड्या विकताना माणूस पुष्कळ भाषा शिकतो.

"पाखराला म्हणे रोग झाला!" बाबा अंधारात बोलत होते. "कसला रोग होणार पाखराला? त्याला ऑफिस आहे? त्याला सासुरवाडी आहे? पाखराला लागते ती नजर. ती पिसांतून आत शिरते आणि रक्तात कालवली जाते. डॉक्टरांना ती दिसत नाही, कारण ते पडले उजेडात बघणारे. नजर चालते अंधारात. मी तिला घाम फोडतो."

मग ते गप्प झाले. बराच वेळ गप्प राहिले. एका दमेकरी गिऱ्हाइकानं तेवढा वेळ खोकला धरून ठेवला. शेवटी बाबांनी पिंजऱ्याच्या कडेकडेनं रुमालावरून तळवा दाबत फिरवला आणि ओरडले, "लाइट!"

रुमालावर लाल ठिपके उमटले होते. ओले, ताजे.

"रक्त!" दारातून कुणीतरी किंचाळलं.

"रक्त नव्हे. घाम. नजरेचा घाम लाल असतो."

"अर्थातच," बँकेचे निवृत्त साहेब म्हणाले. यांची सगळी हयात खोट्या नोटा उजेडात धरून ओळखण्यात गेली होती.

या सगळ्या गर्दीत सलूनचा मालक आपल्याच दुकानात कोपऱ्यात, टॉवेलांच्या ढिगाला चिकटून उभा होता. पाखरं त्याची. आरशांच्या वर ओळीनं पिंजरे टांगलेले, आणि ती गायला लागली की गिऱ्हाईक केस कापून झाल्यावरही उठत नसे. दोन महिन्यांपासून मात्र पाखरं पिसं फुगवून बसत, रात्रभर फडफडत आणि सकाळी एखादं तळाशी आडवं झालेलं सापडे.

"आता सांगा," बाबा म्हणाले, "दोन महिन्यांत या घरात नवं कोण आलं?"

बोलायची गरजच नव्हती. सगळ्या माना घराच्या आतल्या दाराकडे वळल्या. तिथे सलूनवाल्याची सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बाही वर कर, बाळ."

तिनं ट्रे खाली ठेवला आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, नखांनी ओरबाडलेलं.

रुमालाला पाहून गर्दीनं 'आ' केला होता. हा 'आ' त्याहून मोठा होता.

---

"मी काय तिची वैरीण आहे?" त्या रात्री जेवताना सलूनवाल्याची बायको म्हणाली. "काही दिवस माहेरी जाऊ दे. पाखरं सावरली की आणू."

"आणि नाही सावरली तर?"

"अहो, तुम्ही ना, नेहमी वाकडंच बोला!"

"तुला काय वाटतं?" सलूनवाल्यानं मुलाला विचारलं. मुलगा सलूनमधली दुसरी खुर्ची सांभाळत असे. पाव मिलिमीटर कल्ल्यांवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा हा गडी घरात मात्र एकच वाक्य बोलत असे. तेच आता बोलला.

"आई म्हणतेय तर..."

सून पाणी वाढत होती. तिनं सासऱ्याच्या पेल्यात पाणी ओतलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला सांगितलं होतं. पहाटे पिंजऱ्यांवरची कापडं काढताना हातावर काहीतरी चालतं."

"घामोळं असेल असं मीही तेव्हाच सांगितलं होतं," सासू म्हणाली. "मला काय माहीत, हे असलं काही असेल!"

सलूनवाल्याची अडचण अशी होती, की बाबांच्या हातात काठी त्यानंच दिली होती. पाखरं खाजवायला लागली तेव्हा त्यानं स्वतः तपासणी केली होती. आयुष्य गेलं लोकांची डोकी बघण्यात. खुर्चीत बसलेल्याच्या डोक्यात ऊ आहे की नाही, हे तो टॉवेल गुंडाळतानाच ओळखत असे. त्यानं भर दुपारी, दारातल्या उन्हात, एकेक पाखरू मुठीत धरून बारीक दातांच्या कंगव्यानं पिसं विंचरली होती. काही सापडलं नाही. "एक लीखसुद्धा नाही," असं त्यानं चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं होतं. पाखरू स्वच्छ, म्हणजे रोग नाही; रोग नाही, म्हणजे नजर. बाबांनी पुढचं गणित फक्त सोडवलं.

त्या बैठकीनंतरच्या दिवसांत शिंप्याचे बजरी पोपटही आजारी पडले, मग औषधाच्या दुकानदाराचे लव्हबर्ड. सून शिंप्याकडे ब्लाउज टाकायला आणि दुकानात मलम आणायला गेली होती, हे आळीला बरोब्बर आठवलं. आळीची स्मरणशक्ती अशा वेळी फार तल्लख होते.

रविवारी तिला पोचवायचं ठरलं.

---

रविवारी सकाळी लाकडी पिंजऱ्यातला नर मेला. सलूनवाल्यानं त्याला ब्लेडच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि कुणाला न सांगता जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या पाखरांची दोन महिन्यांची हकिगत ऐकली, खोकं उघडलं, नखानं चोच फाकवली आणि आत पाहिलं.

"तोंड आतून पांढरंफटक आहे. अंगात रक्तच उरलं नव्हतं. किडे पाहिलेत का?"

"पाहिले ना. कंगवा फिरवून. लख्ख उन्हात."

"मग काय दिसणार? हॉटेल बंद असताना गिऱ्हाइकं मोजायला गेलात तुम्ही."

सलूनवाल्याला कळेना. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ऊ अंगावर राहते. हा किडा नाही राहत. माइट म्हणतात त्याला. गोचिडीची धाकटी बहीण समजा. दिवसभर पिंजऱ्याच्या सांध्यात झोपतो आणि अंधार झाला की पाखराच्या अंगावर जेवायला येतो. पोट भरलं की परत. दोन महिन्यांत घरात नवं काय आलं?"

"सून."

"सून पाखराचं रक्त पीत नाही. मी 'कोण' नाही विचारलं, 'काय' विचारलं."

सलूनवाल्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "पिंजरा. लाकडी, कोरीव. बायकोच्या भावानं मुलाच्या लग्नात आहेर दिला. कुठल्याशा जुन्या बाजारातून आणला होता."

"त्यातलं पाखरू आधी आजारी पडलं?"

"तेच." त्यानं झाकण लावलं. "डॉक्टर, याला आता औषध नको. पण संध्याकाळी बाबांची शेवटची बैठक आहे आणि त्यानंतर माझ्या सुनेला घरातून काढणार आहेत. तुम्ही येता का?"

---

डॉक्टरबाई आल्या तेव्हा दिवे घालवायची तयारी चालली होती. आतल्या दाराशी सून उभी होती, पायाशी तिची बॅग.

"एक विनंती आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उरलेली मादी दुसरीकडे ठेवते. पिंजरा रिकामा राहू दे. आणि रुमाल बाबांचा नको, सलूनमधलं धुतलेलं कापड घेऊ."

"पाखरूच नाही तर नजर घाम कशाला गाळेल?" बाबा हसले. त्यांच्यामागून गर्दी हसली.

"तेच बघायचंय."

त्यांनी पाखराच्या जागी कोमट पाण्यानं भरलेली एक बाटली पिंजऱ्यात ठेवली, वरून कापड घातलं आणि दिवे घालवायला सांगितलं. बाबांनी जितका वेळ घेतला असता तितका त्यांनीही घेतला. मग तसाच तळवा दाबत फिरवला. दिवे लागले.

कापडावर लाल ठिपके होते.

"आता सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "या बाटलीला कुणाची नजर लागली?"

कुणी 'आ' केला नाही. खुलाशाला 'आ' करायची सवयच नव्हती.

"म्हणजे नजर पिंजऱ्याला लागली होती!" बँकेचे साहेब म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना मागे हटायला वेळ लागतो.

डॉक्टरबाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि साहेबांच्याच हातात दिलं. साहेब वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "हे... हे चालतंय."

"चालणारच. किडे आहेत ते. कालचं जेवण अजून पोटात आहे, म्हणून लाल. उबेला आले, कापडावर चढले, हातानं चिरडले. तुम्ही ज्याला घाम म्हणून हात जोडलेत, ते तुमच्या पाखराचं रक्त आहे."

सलूनवाल्यानं वस्तऱ्याचं टोक पिंजऱ्याच्या सांध्यात घातलं आणि कोरलेली पट्टी उचकटली. आत राखेसारखी भुकटी होती आणि त्या भुकटीत लाल-करडं काहीतरी वळवळत होतं. पुढच्या रांगेतले दोघे मागच्या रांगेच्या पायांवर चढले.

"ही नजरेची सेना आहे!" बाबा म्हणाले आणि आपला रुमाल झोळीत कोंबू लागले.

"सेनेची छावणी दाखवा की," म्हणत डॉक्टरबाईंनी रुमालाचं टोक धरलं आणि तो बेसिनमध्ये झटकला. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीवर ठिपके पडले, क्षणभर थांबले आणि चारी दिशांना चालू लागले.

"शिंपीदादा, बाबा तुमच्याकडे आले तेव्हा तुमचे पक्षी आजारी होते?"

"छे हो," शिंपी म्हणाला. "नुसता आशीर्वाद द्यायला आले होते. रुमाल टाकला पिंजऱ्यावर. आजारी पडले ते नंतर..."

औषधाच्या दुकानदाराला विचारावंच लागलं नाही. तो बेसिनकडे बघत होता.

"एका पिंजऱ्यावरचा रुमाल दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा तिसऱ्यावर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोग घरपोच, आणि मागोमाग वैद्यही घरपोच. बरं, संध्याकाळी पिंजरे झाकायचं आणि पहाटे उघडायचं काम कोण करतं?"

"सून," सलूनवाला म्हणाला. "लग्नाआधी मीच करायचो. लग्न झालं आणि काम तिच्याकडे आलं."

"आणि त्याच वेळी हा पिंजरा आला. अंधारात जो हात आत घालील त्याला किडे चावणार. तिच्या जागी तुम्ही असतात तर पुरळ तुमच्या हातावर असतं."

बाबा शटरखालून वाकून निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट एक बाई मागून धावत गेली आणि मुलाच्या नोकरीचं काही जमेल का, हे विचारून आली. पुढच्या आठवड्यात ते चार आळ्या पलीकडे टाकीतले मासे बरे करू लागल्याचं कळलं.

पाखरांचं सोपं होतं. डॉक्टरबाईंनी एकेकाला छोट्या काट्यावर तोललं, मानेवरची पिसं फुंकून बाजूला केली आणि उघड्या कातडीवर वजनाप्रमाणे औषधाचा थेंब सोडला. काही दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं, कारण अंड्यांतून नवे किडे निघतात. "शेजाऱ्याचं औषध अंदाजानं घालू नका, झुरळांचा फवारा तर मुळीच मारू नका, किड्याच्या आधी पाखरू मरेल." लोखंडी पिंजरे उकळत्या पाण्यानं धुतले, आतल्या काठ्या नव्या घातल्या. लाकडी पिंजरा मागच्या अंगणात जाळला. भावाचा आहेर जळताना सलूनवाल्याची बायको पदर डोळ्यांना लावून रडली. सुनेला पोचवायचं ठरलं तेव्हा ती रडली नव्हती.

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी गर्दी पांगली तेव्हा ती सुनेला म्हणाली, "चल, झालं गेलं गंगेला मिळालं. बॅग आत ठेव आणि सगळ्यांना चहा टाक."

सुनेनं बॅग उचलली. बाहीची गुंडी लावली. सासऱ्याला म्हणाली, "पप्पा, येते," आणि शटरखाली न वाकता, ते पुरतं वर सरकवून रस्त्यावर उतरली.

आता आळीत तिचं कौतुक आहे. पोर गुणाची होती, असं लोक दाढी करता करता सांगतात. सलूनवाला ऐकतो आणि वस्तरा पुसतो. मंडळी, अंधारात दिसलेली गोष्ट दिवा लावून पुन्हा बघायला काय लागतं? एक भिंग, एक बाटली, थोडा धीर. पाखरू आजारी पडलं तर पाखराच्या डॉक्टरकडे न्यावं, आणि 'कोणामुळे झालं' असं विचारण्याआधी 'कशामुळे झालं' हे शोधावं. याहून मोठं शहाणपण या गोष्टीत नाही. पण एवढंसं शहाणपण उशिरा आलं, तर झालेलं नुकसान ते भरून देत नाही.

मुलगा तिला आणायला माहेरी गेला होता. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "पुरळ तुझ्या हातावर आलं असतं, तर तुला कुठे पाठवलं असतं?"

मुलगा तसा खोटं बोलणारा नाही.

"डॉक्टरकडे," तो म्हणाला, आणि एकटाच परत आला.