आडवे शब्द नानांचे

"मधे बोलू नकोस, मृणाल. हा आमचा खेळ आहे."

नानांचा, माझ्या वडिलांचा, हा आवाज पहिल्यांदा कानी पडला तेव्हा मी दुसरीत होते. पेपरात शब्दकोडं होतं, सूर्याची कन्या असलेली नदी, दोन अक्षरी. दर रविवारी आम्ही तिच्याच काठी, राजघाटावर जायचो, मला हे येणारच. मी ओरडले, "तापी!" नानांनी पेन्सिल खाली ठेवली. रागावले नव्हते. दार हळूच लोटावं, तसे बोलले. आई हसली आणि तिने रकान्यात 'तापी' लिहिलं, पण माझं म्हणून नाही.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी मधे बोलले नाही.

लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराचा तो नेमच होता. जळगावकडून गाडीने येणारा मराठी पेपर आठच्या सुमारास उखर्डूभाऊ ओट्यावर टाकायचे आणि हाळी द्यायचे, "काकू, आजचं सोपं आहे वो, मी स्टेशनातच सोडवलं!" आई म्हणायची, "सोडवलं तर सांग मग, मंगोलियाची राजधानी कोणती?" ते सायकल दामटायचे. एकच पेपर, एकच पेन्सिल. आडवे शब्द नानांचे, उभे आईचे. नाना पुढच्या खोलीत खुर्चीवर, आई स्वयंपाकघरात. नाना अडले की हाक मारायचे, "शोभा!" आई पदराला हात पुसत यायची, एखादा उभा शब्द भरून द्यायची, त्यातून नानांना एक अक्षर मिळायचं. सकाळभरात अशा दहाबारा हाका. पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट चाले तशी ती हाक चाले. तिच्यासाठी आम्ही भावंडं मान वर करत नव्हतो. ती आमची नव्हतीच.

त्या कोड्यांनी आईला काय काय शिकवलं! चौथी शिकलेली बाई, पण ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, मधमाशीला पाच डोळे असतात, हे तिला ठाऊक. गोगलगाईला हजारो दात असतात हे कळलं त्या दिवशी तिने भाजीवाल्या मालूबाईची कोथिंबिरीची जुडी चारदा झटकली. मालूबाई म्हणाली, "काय वो काकू, चावते का काय कोथिंबीर?" नाना खुर्चीत डोलून डोलून हसले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, घरात असा हसायचा तो फक्त तिच्याच गोष्टींवर.

नाना गेले त्याला आता सात महिने झाले. कार्तिकातली सकाळ होती. आई सिंधीपुऱ्यात कविताकाकूंकडे गेली होती, त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या पोळ्या लाटायला. घरात नाना आणि मी. मी शाळेत शिकवते. सहामाहीचे पेपर तपासायला मधल्या खोलीत बसले होते. सव्वानऊला चहा घेऊन गेले तर नानांची मान पेपरावर झुकलेली. कोडं सोडवताना ते असेच बसत. मी चहा ठेवून परत आले. आई साडेनऊला आली, तेव्हा चहावर साय धरली होती.

सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. हूं नाही की चूं नाही.

तिसऱ्या दिवशी आईने मला एकटीला गाठलं. "मृणाल, पावणेनवाला मी पोळी लाटत होते. एकदम हाक आली मला. यांची. लाटणं हातातून पडलं. कविता हसली, म्हणाली, घरी करमत नाही का तुला? खरं सांग, यांनी हाक मारली होती का गं?"

हाक आली होती. मी ऐकली होती. पेपर तपासता तपासता ऐकली आणि उठले नाही.

आईला म्हटलं, "नाही गं आई. काहीच आवाज आला नाही."

तिला सुख वाटावं म्हणून बोलले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण आईच्या चेहऱ्यावर सुख उतरलं नाही. तिने एकच विचारलं, आणि तेव्हापासून ते या घरात फिरतंय. "तेव्हा नव्हती मारली, तर मग आता का मारतात?"

कारण हाक थांबलीच नव्हती. रोज पेपर येतो, आई खुर्चीसमोर पाटावर बसते, उभे शब्द भरते. फक्त उभे. आडव्यांना हात लावत नाही. पावणेनऊ वाजले की तिची पेन्सिल थांबते. ती उठते, पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, तिथून मागच्या दारी, न्हाणीपर्यंत जाऊन येते. दारादारातून हळूच म्हणते, "आले, आले." मग परत येऊन बसते आणि पेपर मला दाखवते. उभे शब्द भरले की आडव्यांतली अर्धी अक्षरं आपोआप उमटतात, कोणत्याही कोड्यात उमटतात. आई त्यांवरून बोट फिरवते. "बघ, तीन अक्षरं आली यांची. एक राहिलं. दम लागत असेल."

त्या राहिलेल्या पांढऱ्या चौकटी मला बघवत नाहीत. शाळेत मुलांच्या वहीत रिकामी जागा दिसली की मी पान उलटते. घरी मीही पावणेनऊला कान देऊन बसू लागले होते. एकदा तर मला वाटलं, आलीच हाक. आम्ही दोघी एकाच वेळी उठलो आणि मधल्या दारात एकमेकींवर आदळलो. आईने माझा हात घट्ट धरला. "तुलाही आली ना?" मी म्हटलं, "नाही. मी पाणी प्यायला उठले." दुसऱ्यांदा खोटं.

आई दळण निवडताना गुणगुणते. तिच्या माहेरच्या शिवारातल्या ओव्या, केळीच्या बागेतून बायका परतताना म्हणायच्या तशा. त्या महिन्यांत एकच ओवी तिच्या ओठांवर होती:

तापीमाईच्या घाटाला, पाणी बोलेना बोलेना
पोटातली गं ही गाठ, मला खोलता येईना

गाणारी ती. गाठ माझी.

गेल्या आठवड्यात रोहित आला, माझा धाकटा भाऊ. इंदूरला बायको-बाळासह राहतो, नोकरी करतो. मीच फोनवर सांगून बसले होते, आई खोल्याखोल्यांतून 'आले, आले' करत फिरते म्हणून. तो सुट्टी काढून, डॉक्टरची वेळ ठरवून आला. मनाचे डॉक्टर.

"ताई, बघ, यात लाजण्यासारखं काही नाही. आजकाल सगळे दाखवतात," तो म्हणाला. "आईला महिनाभर आमच्याकडे ठेवू. तेजस्विनी आहे, बाळ आहे. हे घर तिला खातंय. गोळ्या चालू झाल्या की आवाज येणं बंद, सिंपल."

"आणि नाही झालं तर?"

"म्हणजे? आवाज तर खरा नाही ना! तूच होतीस ना घरात. तूच सांगितलंस, हाक आलीच नाही. मी डॉक्टरांना फोनवर तेच बोललो."

माझ्या एका शब्दावर तो सगळं रचत होता. मी शेगडीकडे तोंड फिरवलं. गॅस पेटलेलाच होता, तरी पुन्हा लायटर मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी पाटावर बसली. पावणेनऊला पेन्सिल थांबली. ती उठणार इतक्यात रोहितने तिचा खांदा धरला, प्रेमानेच धरला. "आई, बस. मी तुला एक दाखवतो." खिशातलं पेन काढलं आणि पेपर ओढून घेतला. "हे बघ, आडवा सात. तीन हृदये असलेला सागरी जीव, चार अक्षरी. तीन अक्षरं तुझ्याच शब्दांची आलीत. उरलं काय? प. ऑक्टोपस. झालं! आडवा अकरा..." एकेक करत त्याने सगळे आडवे भरले. निळ्या शाईने, पाच मिनिटांत. "यात नाना कुठे आहेत, सांग? कोणीही भरू शकतं."

आई त्या भरलेल्या कोड्याकडे बघत राहिली. एकही चौकट पांढरी उरली नव्हती. मला वाटलं ती रडेल, त्याला रागावेल. तिने पेपराची घडी घातली. पेन्सिल खिडकीत ठेवली.

"चूक माझी होती बाबा," ती म्हणाली. "चल. कधीची गाडी आहे?"

"दुपारची. पण आई, तू मनाला लावून..."

"नाही लावत. मृणाल, माझी दोन लुगडी आण."

ती शांतपणे पिशवी भरू लागली. आजवर ती खोल्यांतून फिरत होती, पण चालीत जीव होता. कुणाला तरी भेटायला निघालेलं पाऊल होतं ते. आता ती लुगड्याची घडी घालत होती ती परक्या घरी घालावी तशी. तिने नानांचा चष्मा घेतला, परत ठेवला.

"रोहित," ती म्हणाली, "डॉक्टरला पहिलं तू सांग. मला सांगता येणार नाही. सांग, हिला नवरा गेला त्या दिवसापासून खोटे आवाज येतात. त्याने हाक मारली नव्हती, ही उगाच ऐकत बसली. सात महिने घरच्यांना तरास दिला."

"तरास कसला आई..."

"असं सांग. आणि सांग, पोरगी घरात होती, तिने काही ऐकलं नाही. पोरगी शाणी आहे, मास्तरीण आहे. ती कशाला खोटं बोलेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात. तिचा विश्वास होता माझ्यावर, स्वतःच्या कानांपेक्षा जास्त. पिशवीची नाडी ओढून तिने गाठ मारली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघ्याला गुडघा लागला.

"आई, हाक खरी होती."

रोहित म्हणाला, "ताई, आता तू नको सुरू होऊ."

"गप बस. आई, माझ्याकडे बघ. पावणेनवालाच आली. शोभा म्हणाले. मला वाटलं, कोड्यात अडले, तू नाहीस हे विसरले. मी उठले नाही. ते तुझं नाव होतं, माझं काम नव्हतं, असं मी सात महिने स्वतःला सांगतेय."

आईने पिशवी बाजूला ठेवली.

"पण त्यांनी एकदाच हाक मारली नाही, आई. थोड्या वेळाने पुन्हा मारली. हळू. ती माझ्या नावाची होती. मृणाल, म्हणाले. कोड्याला बसल्यावर त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं, जन्मात नाही, म्हणून मला कळायला हवं होतं. आणि मला कळलं होतं गं. तरी मी बसून राहिले. मनात म्हटलं, आज ती नाही म्हणून माझी आठवण आली का तुम्हाला? बसा थोडा वेळ. एक पेपर तपासला. मग दुसरा तपासला. मग चहा ठेवला."