खांबाला घाम फुटला

रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत, जुन्या गोदामाच्या मधोमध, पोलादी खांबावर पांढराशुभ्र बर्फ धरला होता. आसपास ना बर्फाची लादी, ना पाण्याचा थेंब. नुसता उघडा खांब, आणि त्याला हात लावायला माणसांची ही रेटारेटी!

"या बाळांनो, या! तुमच्या अंगातला सगळा दाह हा खांब पिऊन टाकेल!" हिमबाबा पुकारा करत होते. ज्याचं घामेजलेलं बोट बर्फाला चिकटायचं तो पापी. ज्याचं चिकटायचं नाही तो महापापी. म्हणजे सुटका कुणाचीच नव्हती. शिवाय आत पाऊल टाकलं की ओठ मिटून एकसारखं 'हूं' करत राहायचं, असा दंडक. सगळं गोदाम मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमत होतं.

लॉन्ड्रीवाल्या काकूंना तोंड मिटायची सवय नव्हती. त्या दारात उभ्या राहून आपल्या सुनेकडे बघत होत्या. भिंतीला टेकलेली, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. हिला लहानपणापासूनचा साखरेचा आजार. इंजेक्शनाशिवाय तिचा दिवस निघत नसे. आणि बाबा म्हणाले होते, "सुई म्हणजे आग! आग टाक, हिम घे." झालं. बाटल्या घरी फ्रिजच्या दारात पडून, आणि ही खांबावरचा बर्फ खरवडून त्याचं पाणी चमच्यानं पितेय. सारखी तहान, सारखी लघवी, आणि आज सकाळपासून उलट्या.

"आता तरी दवाखान्यात चल गं," काकू म्हणाल्या.

"अहो आई, बाबा म्हणालेत, आजार निघून जाताना असंच होतं."

"आजार नाही, जीव निघून चाललाय!" मग त्या तिच्या शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या. "आणि तू रे? बायको आहे ना तुझी?"

"आई, हळू बोल. लोक बघतायत." मुलानं डोळे मिटले आणि पुन्हा 'हूं' धरलं.

काकू तणतणत मागच्या गल्लीत गेल्या. त्यांच्या कपडे वाळवायच्या दोऱ्या तिथंच, गोदामाच्या पाठभिंतीला लागून. त्या दोऱ्यांचं एक कोडं कधीचं त्यांचं डोकं कुरतडत होतं. या भिंतीला दिवसभर सावली. तरी हल्ली इथल्या चादरी उन्हातल्या चादरींच्या आधी कडकडीत वाळायच्या. आधी त्यांना वाटलं, बरंच झालं. आज मात्र त्या चादरी बाजूला सारून आत शिरल्या. भिंतीत एक लोखंडी जाळी होती. तोंडावर वाफारा आला. इस्त्रीच्या टेबलावर वाकल्यासारखा.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या भाच्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. काकूंनी त्याला हातातला पाना ठेवायलाही वेळ दिला नाही, तसाच ओढत आणला.

भाच्यानं जाळीला कान लावला आणि हसला. "मावशी, मागे तुझा फ्रिज बंद पडला होता, आठवतं? तुझ्या लेकानं गिऱ्हाइकांच्या रजया त्याच्या मागे कोंबल्या होत्या."

"आठवतं. मेला होता फ्रिज."

"मेला नव्हता, गुदमरला होता. फ्रिज थंडी बनवत नाही गं. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, बस."

"म्हणजे हमालच की."

"हमालच. त्याच्या आत गॅस फिरतो. कॉम्प्रेसर त्याला जोरात दाबतो. दाबला की तो तापतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना, तसा. मग मागच्या नळ्यांत तो आपली उष्णता टाकतो आणि निवून त्याचा पाण्यासारखा पातळ द्रव होतो. तो द्रव एका बारीक नळीतून रुंद नळीत सोडायचा. तिथं दाब एकदम पडतो, द्रव उकळून पुन्हा गॅस होतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो भोवतालातून ओढून घेतो. तिथंच हवेतल्या ओलीचा बर्फ धरतो. बाबाच्या खांबात तीच रुंद नळी असणार. तापलेल्या नळ्या आणि पंखा या जाळीमागे."

"आणि उष्णता टाकायला जागाच ठेवली नाही तर?"

"दाब चढत जातो. फार चढला की स्विच उडतो आणि मोटर बंद पडते. दाब उतरला की स्विच आपोआप परत बसतो."

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. दुकानातल्या दोन जाडजूड रजया आणल्या, जाळीवर गच्च बसवल्या आणि इस्त्रीचं टेबल लावून दाबून टाकल्या. "तू इथंच थांब," भाच्याला म्हणाल्या, आणि पदर खोचून गोदामात शिरल्या.

सून आता खाली बसली होती. काकूंनी खणखणीत आवाज लावला. "ए, हूं बंद करा सगळे! खांब काय म्हणतोय ते ऐका!"

दचकून सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत मागच्या भिंतीवरच्या पडद्याआडून घरघर ऐकू आली. कण्हल्यासारखी, जड. मग खाड् झालं आणि तीही थांबली.

"हूं करा! हूं करा!" बाबा किंचाळले.

कुणी करेना. सगळे खांबाकडे बघत होते. बर्फ आधी चमकला, मग ओला झाला, मग ओघळ सुरू झाले. एक पापुद्रा सुटून बाबांच्या पायाशी पडला.

"बघा! नास्तिक बाई आत आली आणि खांब कोपला!"

"कोपला ना? मग मी समजूत काढते त्याची," काकू म्हणाल्या. "मी इथून हलणार नाही. मी आत असतानाच तो पुन्हा गोठेल. जा रे, मागच्या गल्लीत जाळीवर आपल्या रजया आहेत. ओढून काढ."

"रजया?" मुलगा चमकला. "आई... फ्रिजच्या मागे होत्या तशा?"

"तशाच. पळ!"

मुलगा पळाला. काकू सुनेशेजारी बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा श्वास भराभर चालला होता. कुणी खोकलं. कुणी म्हणालं, काही होत नाहीये. बाबा दाराकडे सरकू लागले, पण दारात गर्दी होती. काकू पडद्याकडे कान लावून होत्या. तो स्विच परत बसलाच नाही तर?

मग पडद्याआड धाडकन काहीतरी सुरू झालं. घरघर. आणि थोड्या वेळानं ओल्या खांबावर, अगदी बुडाशी, पांढरी किनार उमटली.

मुलगा परत आला तो घामानं निथळत, तोंड लालबुंद. कुणाशी न बोलता त्यानं पडदा फाडला. काळी मोटर, तांब्याच्या नळ्या, पंखा. सगळं अगदी फ्रिजच्या मागे असतं तसंच, फक्त मोठं.

"माझ्या तोंडावर गरम वारा आला गं," तो बायकोला म्हणाला. "खांबातली उष्णताच होती ती. तुझा आजार नव्हता."

सून त्या नळ्यांकडे बघत राहिली. मग क्षीण आवाजात म्हणाली, "अहो आई, दवाखान्यात जाऊ."

मुलानं तिला उचललं. लोक वाट सोडू लागले. एक म्हातारा हात जोडून काकूंपुढे आला. "बाई, तुम्हीच खऱ्या..."

"हात खाली घ्या!" काकू कडाडल्या. "मला कसले जोडता? इस्त्री करते मी. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. बघू देत नसेल तर तिथंच काय ते समजा. आणि औषध सोडायचं असेल तर डॉक्टरला विचारा. खांबाला काय विचारता? तो तर ज्याच्या हातात बटण आहे त्याचंच ऐकतो."

आणि काकू मुलाच्या मागे धावल्या. रिक्षात सुनेनं डोळे उघडले. "पाणी..."

"मिळेल गं," तिचे ओठ ओल्या पदरानं पुसत काकू म्हणाल्या. "साधं, नळाचं."