अस्वलखांद्याचा उजवा हात

दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की दादा, वहिनी, मामा आणि मी टेबलाभोवती बसतो. खेळ सोपा आहे. त्या तिघांचं एकेक पात्र, आणि गोष्ट पुढे नेणारी मी. समोर काय वाढून ठेवलंय ते मी सांगायचं, त्यावर काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं. दादा छापखान्यात आहे, वहिनी बस चालवते, मामांनी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट.

आमच्या खेळातल्या जगाला उत्तर दिशाच नव्हती. तिथे मला गोठलेला समुद्र हवा होता, लांबच लांब जहाजं हवी होती आणि उत्तरेकडच्या जुन्या दंतकथांना शोभेल असा एक वीर हवा होता. महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. नाव सापडलं त्या दिवशी तर मी जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. अस्वलखांद्या. चाळीस वल्ह्यांचं जहाज खांद्यावर दोर घेऊन, गोठलेल्या खाडीवरून एकट्यानं ओढत नेलेला. त्याच्यावर सतरा कडव्यांचं गाणं रचलं. कागदावर लिहिलं, बळ: वीसपैकी वीस.

पहिल्याच रविवारी त्यानं खेळाची वाट लावली. वहिनीची तिरंदाज धनुष्याला बाण लावतेय तोवर यानं तीन लांडगे लोळवले. मामांचा चोर कुलपाशी वाकला, तर यानं दारच उखडलं.

"अगं, हा असताना आम्ही काय नुसत्या टाळ्या पिटायच्या?" वहिनी म्हणाली.

"मी तासाभरापासून त्याचा कोट धरून उभा आहे," दादा म्हणाला.

मामा नुसता चहा ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती तरी. ते मला जास्त लागलं.

मंगळवारी इस्पितळात एक काका आले. गोदीत पस्तीस वर्षं पोती वाहिलेले, दाराएवढे रुंद. उजवा खांदा पार आखडलेला, हात छातीच्या वर जाईना. पण उभे असे राहिले होते की मला आधी कळलंच नाही. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकवलेला, मान ताठ.

"असं उभं राहिलं की लोकांना वाटतं, गडी रुबाबात आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायचो. शेवटी बायकोनं पकडलं आणि ओढत इथे आणलं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांचा हात हळूहळू वर नेता नेता मी त्यांना अस्वलखांद्याची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "तुमचा खांदा त्याला देऊ का?"

"द्या की," काका म्हणाले. "पण त्याला मिशा ठेवा. झुपकेदार."

घरी येऊन मी सतरातली चौदा कडवी खोडली. बळापुढे लिहिलं, सहा. जहाज ओढल्याला आता वीस वर्षं झाली होती. तो बंदरावर आहे या एका समजुतीवर अख्खा किनारा निर्धास्त झोपत होता आणि बर्फापलीकडची राणी हल्ला करायला कचरत होती. खरं काय ते फक्त त्याला ठाऊक. दंतकथेतले वीर मरून मोकळे होतात. माझ्या वीराला मात्र जगून सगळं सांभाळायचं होतं.

पुढच्या रविवारी तो धक्क्यावर उभा होता, मिशा आणि पट्ट्यातल्या अंगठ्यासकट. गावकऱ्यांनी मेजवानी दिली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हा पेला डाव्या हातानं का उचलतो?"

"फासा टाका, मामा."

सतरा पडले. मी घडी घातलेली चिठ्ठी फक्त त्यांच्याकडे सरकवली. मामांनी वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "काही नाही, डावखुरा असेल." वहिनीनं दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. चहा गार झाला, कुणी कपाला हात लावला नाही.

मग राणीची सतरा जहाजं आली. तिची अट एकच. अस्वलखांद्याला पुन्हा जहाज ओढून दाखवू दे, मी परत जाते.

आता मामांना तोंड उघडावंच लागलं. त्यांनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं आणि तिघांची डोकी एकत्र आली. जहाजाच्या बुडाला चरबी फासायची. खडकाआडून दुसरा दोर बांधून आपण ओढायचं. अस्वलखांद्यानं पुढे नुसतं चालायचं. बेत झकास होता. वहिनीनं फासा टाकला आणि दोन पडले.

"खडकाआडचा दोर तटकन तुटतो," मी सांगितलं. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. राणी हसते."

मामा माझ्याकडे वळले, म्हणजे अस्वलखांद्याकडे, आणि म्हणाले, "बाबा रे, आम्हाला हाक मार. एकदा मारून तर बघ."

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. उजवा हात मी मांडीवर ठेवला आणि त्याच्या आवाजात म्हणाले, "खांदा गेलाय माझा. एकट्याला जमणार नाही. या."

वहिनी खुर्चीवरून उठलीच. "मी गावात धावते. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, दिसेल त्याला दोराला लावते."

"तिघांचे फासे मिळून पंचेचाळीस हवेत," मी म्हटलं.

वहिनीचे एकोणीस. दादाचे अकरा. मामांनी फासा दोन्ही तळव्यांत खुळखुळवला, इतका वेळ की दादा म्हणाला, "मामा, टाका आता, जीव जाईल माझा." फासा गडगडत बशीला आपटला आणि थांबला.

"सोळा," मामा हळूच म्हणाले.

जहाज हललं, बर्फावरून सरकत थेट पाण्यात उतरलं. दोराला दीडशे माणसं होती आणि त्यांच्या मधोमध, डाव्या खांद्यावर दोर घेतलेला अस्वलखांद्या. राणी आता हसत नव्हती. एक माणूस कधी ना कधी म्हातारा होतो, त्याची वाट पाहता येते. या दीडशे जणांची किती वाट पाहणार? तिनं शिडं फिरवायला सांगितलं.

दादानं वहिनीच्या हातावर टाळी दिली. मामांनी ती चिठ्ठी खिशातून काढून अस्वलखांद्याच्या कागदाखाली ठेवली.

"तिच्या मागे जायचं का?" वहिनीनं विचारलं. "जहाज पाण्यात उतरलंच आहे."

त्या पाण्यापलीकडे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बसा वल्ह्यावर."