शेजारच्या आकाशगंगेतला गॅस

प्रियदर्शनी सुट्टीला पुण्याहून साखऱ्याला आली, तर ओसरीवर दोन पेशंट हजर. व्यंकटतात्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म मांडीवर घेऊन बसलेले आणि शेजारची जनकाआजी पोट धरून खांबाला टेकलेली.

"बाबा, हे काय?" तिनं हळूच विचारलं.

उकंडराव मिशीतल्या मिशीत हसले. "मी खरं तेच सांगितलं लोकायला. माझी पोरगी एक्स-रेवर डाक्टरकी करून राहिली. तेबी गॅसची."

खोटं नव्हतं, हीच पंचाईत. आपल्या शेजारच्या एका आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत तापलेला वायू पसरलेला आहे, त्यावर तिची पीएच.डी. चालली होती. तो वायू दिसायचा फक्त एक्स-किरणांत.

"तात्या, मी फोटू काढत न्हाई. आभाळातून येणारे एक्स-रे पाहते. मशीन वर उपग्रहावर फिरून राहिलं."

"मंग वरून माजा गुडघा दिसन की."

"त्याचं तोंड वर हाय, तात्या."

"काय कामाचं मंग!" तात्या खट्टू झाले, पण उठले नाहीत.

"गुडघ्याचं ऱ्हाऊ द्या," जनकाआजी सरसावली. "गॅसचं तर पाहती ना?"

"आजी, तो गॅस लाखो अंश तापलेला असतो."

"माजाबी तसाच हाय, माय. जेवल्यावर तर लईच."

तेवढ्यात पुण्यातल्या तिच्या मार्गदर्शक सरांशी व्हिडिओवर बोलायची वेळ झाली. रेंज फक्त गच्चीवर. प्रियदर्शनी लॅपटॉप घेऊन धावली. डाक्टरीण निसटते की काय अशा धास्तीनं आजी मागं निघाली आणि गुडघा विसरून तात्याही जिना चढले.

सर व्हिडिओवर कडक दिसत होते. "हा गॅस नसेलच तर? वेगळे न दिसणारे बारीक तारे मिळूनही असाच उजेड पडतो."

प्रियदर्शनीची वर्षभराची मेहनत होती. तिनं आलेख उघडला. "सर, ताऱ्यांचा वाटा मी वजा केलाय. तरी एवढं उरतंय. आणि हे उंचवटे पाहा, हे तापलेल्या वायूचेच."

सरांनी चष्मा वर करून आलेख न्याहाळला. मग मोठ्यानं म्हणाले, "खरंच की! गॅस आहे!"

"मी मघापासून काय सांगून राहिले!" जनकाआजी कडाडली.

"कोण ते?"

"शेजारच्या आजी, सर. त्यांना पोटात..." प्रियदर्शनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सर पडद्याजवळ सरकले. आवाज एकदम मऊ झाला. "त्या काय घेतात त्यावर? मला कालपासून फार त्रास आहे."

आजीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "ववा खा, बाबा. काळं मीठ टाकून. आन चहा कमी कर."

"सर, मग शोधनिबंध पाठवू?" प्रियदर्शनीनं मधे डोकं घातलं.

"पाठव, पाठव. आजी, ओवा भाजायचा की कच्चाच?"